रोलर झिजला मशीनवाल्याचा, भुर्दंड मात्र आपल्याला

मंडळी, विषय मक्याच्या हार्वेस्टरचा आहे. जुळे सोलापुरात राहून हा विषय कशाला, असं म्हणू नका. फ्लॅट इथं असला तरी कित्येकांचा सात-बारा मोहोळ, मंगळवेढा, दक्षिण सोलापूर, अक्कलकोटकडंच आहे. मजूर मिळत नाही म्हणून मशीन सांगतो, एकरी दरात शंभर रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करतो. पण आलेल्या मशीनचं हेड कसं आहे, हे वाकून बघतो का? नाही.

मक्याच्या हेडचं काम तसं साधं. खालचे दोन रोलर ताट खाली खेचतात. वरच्या दोन पट्ट्यांमधल्या फटीतून ताट जातं, कणीस अडकून तुटतं आणि चेन ते आत नेते. रोलरची धार गेली की ताट नीट ओढलं जात नाही, हेड चोंबतं. पट्ट्या झिजून फट रुंदावली की कणसाचं बूड रोलरपर्यंत पोचतं आणि दाणे तिथंच गळतात. चेन ढिली झाली की कणसं निसटून खाली पडतात.

आता हिशोब करा. चालू मशीन थांबवून दहा-पंधरा फूट मागं घ्यायला लावा. जिथं हेड होतं तिथं एक चौरस फूट आखून दाणे मोजा. असं चार-पाच जागी करून सरासरी काढा. फुटाला 2 दाणे म्हणजे एकरी साधारण 22 ते 25 किलो. 8 दाणे म्हणजे क्विंटलाच्या आसपास! 2025-26 चा मक्याचा हमीभाव 2400 रुपये. दरात वाचवलेले शंभर रुपये कुठं गेले, बघा.

खरी गोम इथंच आहे. रोलर बदलायचा खर्च मशीनवाल्याचा आणि गळालेला दाणा शेतकऱ्याचा. त्याला एकराचे पैसे मिळतात, दाण्याचे नाहीत. मग तो हंगामात मशीन उभं करून पार्ट कशाला बदलेल? सगळे मशीनवाले वाईट आहेत असं मी म्हणत नाही. त्यांच्या डोक्यावरही हप्ते आहेत. पण व्यवहारच असा असेल तर चांगला माणूससुद्धा "अजून एक हंगाम जाईल की" असंच म्हणणार.

दाण्यापेक्षा मोठी गोष्ट हाताची. हेड चोंबलं की मशीनवरचा पोरगा खाली उतरतो आणि वेळ वाचवायला इंजिन चालू ठेवूनच ताट ओढतो. अडकलेलं ताट सुटलं की रोलर ते एका झटक्यात खेचतो. मूठ सोडायलाही सवड मिळत नाही. मळणी यंत्रात हात जात होते म्हणून 1983 साली धोकादायक यंत्रांचा कायदा करावा लागला. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत एक हात गेला तर 1 लाख मिळतात, पण ते खातेदार शेतकऱ्याला किंवा त्याच्या घरातल्या एकाला. परराज्यातून आलेल्या किंवा भूमिहीन पोराला त्यातून काय मिळणार?

सरकार यंत्र घ्यायला महाडीबीटीवरून अनुदान देतं. 22 सप्टेंबर 2025 पासून कापणी-मळणी यंत्रांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला. चांगलंच झालं. पण घेतलेलं यंत्र धड ठेवायला काय? रस्त्यावरच्या स्कूटरला पीयूसी लागते. हंगामाआधी हेडचे रोलर तपासणारं कुणी मी तरी बघितलं नाही.

आपलं सोलापूर चादरीचं गाव. मागाचा पार्ट झिजला की कापडात दोष दिसतो, म्हणून तो लगेच बदलला जातो. रानातला दोष मातीत पडतो, दिसत नाही, एवढाच फरक. मोटारींचे कॅमशाफ्ट बनवून परदेशी पाठवणाऱ्या या शहराला रोलर आणि पट्ट्या बनवणं जड नाही. मागणी आपण करायला पाहिजे.

माझं म्हणणं तीनच गोष्टींचं:

1. दर ठरवतानाच सांगा, पहिल्या दोन ओळींनंतर दाणे मोजणार. जास्त गळले तर आधी फट नीट करा, मगच पुढं चला. रोलर, पट्ट्या, चेन चांगली असलेल्याला एकरी शंभर-दोनशे जास्त द्या. ते परवडतं.

2. हेड चोंबलं तर इंजिन बंद, किल्ली खिशात, मगच हात. मालक म्हणून बांधावर उभे असाल तर हे सांगणं तुमचं काम.

3. कृषी विभाग आणि खेड, मोहोळची कृषी विज्ञान केंद्रं यांनी काढणीआधी एक दिवस हार्वेस्टर तपासणी ठेवावी. नव्या यंत्राच्या अनुदानातला थोडा वाटा झिजलेले पार्ट बदलायलाही द्यावा.

रोलर बदलायचा तर जोडी बदला, चेन नवी घेतली तर झिजलेली चक्रीही बदला. नाहीतर जुनी चक्री नवी चेन खाते.

तुमच्या रानात फुटाला किती दाणे पडले, मोजून खाली लिहा. आकडे जमले तर निवेदन घेऊन सगळे मिळून जाऊ.