दहा टक्क्यांची नीती

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात येमेन, इराकमधून विद्यार्थी संशोधनासाठी येत आले आहेत. अशा परदेशी विद्यार्थ्यांच्या लेखनाविषयी प्राध्यापकवर्गात एक शेरा ठरलेला असतो : ‘इंग्रजी कच्चे, म्हणून उतरवून काढतात.’ हे निदान सोयीचे आहे, खरे नाही.

याच विद्यापीठाशी संलग्न असलेल्या जालना जिल्ह्यातील महाविद्यालयांत मराठीचा विद्यार्थी मातृभाषेत लिहितो. तरीही उत्तरपत्रिकेत गाईडच अवतरते. मग दोष भाषेचा कसा? लेखकाचे म्हणणे स्वतःच्या शब्दांत मांडणे, त्याचे पुरावे तपासणे, आपला मतभेद सकारण नोंदवणे हे आपली अध्यापनपद्धती दोघांनाही शिकवत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्यविरोधी नियम केले. १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. त्यातून वाचन वाढले नाही. शब्द फिरवण्याचे कसब तेवढे वाढले. संगणक शब्दांचे साम्य मोजतो, उसना विचार ओळखत नाही. ते काम शिक्षकाचे. विद्यार्थ्याचा निबंध ओळ न् ओळ वाचून, समासात प्रश्न लिहून, पुनर्लेखनासाठी परत देणारे शिक्षक किती? जिथे हे घडत नाही, तिथे चौर्याचा आरोप करण्याचा नैतिक अधिकारही उरत नाही.