विश्लेषण : सवलतीचे कुपन लहान दुकानदाराला परवडते का?

सणासुदीला ‘२० टक्के सूट’ची पाटी मॉलमध्ये आणि ॲपवर झळकते, तशीच गल्लीतल्या कापड दुकानातही लागते. फरक एवढाच की, मोठ्या कंपनीच्या सवलतीमागे गुंतवणूकदारांचा पैसा असू शकतो. लहान दुकानदाराची सवलत थेट त्याच्या गल्ल्यातून जाते.

सवलतीचे गणित काय?

समजा, ७५ रुपयांना खरेदी केलेली वस्तू १०० रुपयांना विकली जाते. १०० नग विकले की २,५०० रुपये सुटतात. १० टक्के सूट दिली की नगामागे २५ ऐवजी १५ रुपयेच उरतात आणि तेवढीच कमाई करण्यासाठी १६७ नग विकावे लागतात. सूट २० टक्क्यांवर नेली तर नगामागे अवघे ५ रुपये उरतात. म्हणजे विक्री पाचपट, ५०० नगांवर जायला हवी. दुकानात गर्दी दिसूनही महिनाअखेरीस हातात काही उरत नाही, ते यामुळे.

उपाहारगृहांनी विरोध का केला?

झोमॅटोने २०१७ मध्ये ‘झोमॅटो गोल्ड’ ही योजना भारतात आणली. सदस्याला एका पदार्थावर दुसरा मोफत मिळे. सदस्यत्वाचे पैसे ॲपकडे जात. मोफत पदार्थाचा खर्च मात्र उपाहारगृहाच्या माथी पडे. ऑगस्ट २०१९ मध्ये नॅशनल रेस्टॉरंट असोसिएशन ऑफ इंडियाने ‘लॉगआऊट’ मोहीम सुरू केली आणि शेकडो उपाहारगृहे अशा योजनांतून बाहेर पडली. नवा ग्राहक येतो, पण पूर्ण दराने पुन्हा येत नाही. उलट जुना ग्राहकही सवलत मागू लागतो, ही मालकांची मुख्य तक्रार होती.

मग कुपन कधी उपयोगी पडते?

जिथे जागा किंवा वेळ एरवी वाया जाणार असतो, तिथे. मंगळवारी दुपारी रिकामी असलेली सलूनची खुर्ची किंवा खाणावळीतले टेबल सवलतीत भरले, तर जादा खर्च थोडाच येतो. शनिवारी रांग असताना तीच सवलत म्हणजे निव्वळ नुकसान. सरसकट सूट देण्यापेक्षा ‘पुढच्या खरेदीवर ५० रुपये’ असे मुदतीचे कुपन ग्राहकाला परत आणते. किमान बिलाची अट घातली की तोट्यालाही मर्यादा राहते. मात्र किती कुपने परत आली आणि त्यातले किती ग्राहक नंतर पूर्ण दराने आले, याची नोंद वहीत ठेवायला हवी.

नियम काय सांगतात?

विक्रीच्या वेळी दिलेली सूट बिलात दाखवली असेल, तर केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १५ नुसार ती करपात्र मूल्यातून वगळली जाते. म्हणजे कर सवलतीनंतरच्या रकमेवर लागतो. तोंडी सूट देऊन बिल पूर्ण रकमेचे केले, तर नाही. जून २०२२ मधील दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरोधातील मार्गदर्शक तत्त्वांनुसार, पुरेसा माल नसताना केवळ ग्राहक ओढण्यासाठी स्वस्त दराची जाहिरात करता येत नाही. साठा मर्यादित असेल तर तसे स्पष्ट सांगावे लागते.

शेजारच्या दुकानात पाटी लागली म्हणून आपणही लावायची, ही स्पर्धा कमी भांडवलाच्या दुकानदाराला आधी दमवते. पाटी रंगवण्यापूर्वी एका नगामागे नेमके किती सुटतात, हा हिशेब मांडलेला बरा.