बहात्तर पाइंट, तीन दिवस

"इथली बिअर कोमट असते आणि तिच्यात गॅसही नसतो." इंग्लंडमध्ये राहणारी चार मराठी माणसं जमली आणि पबचा विषय निघाला की हे वाक्य हमखास ऐकू येतं. मग कुणीतरी मुंबईच्या उकाड्यात प्यालेल्या बर्फगार बिअरची आठवण काढतं आणि विषय तिथेच मिटतो. माझं म्हणणं असं की या वाक्याचे दोन्ही भाग चुकीचे आहेत. नुसते चुकीचे असते तर मी सोडून दिलं असतं. पण या गैरसमजापायी आपण या देशातली एक अस्सल गोष्ट न चाखताच राहतो, आणि कुणी चाखली नाही की ती गोष्ट हळूहळू नाहीशी होते. म्हणून आज थोडं रसायनशास्त्र, थोडं सूक्ष्मजीवशास्त्र आणि एक साधा भागाकार.

मी बोलतेय ती खेडेगावातल्या जुन्या पबमध्ये मिळणाऱ्या 'कास्क एल'बद्दल. आपल्या सवयीची लागर आणि ही एल यांच्यात पहिला फरक यीस्टचा. एलचं यीस्ट म्हणजे सॅकरोमायसिस सेरेव्हिसी, पाव फुगवणाऱ्या यीस्टचंच भावंडं. ते २० अंश सेल्सिअसच्या आसपास जोमाने काम करतं. लागरचं यीस्ट १० अंशांच्या आसपास, सावकाश काम करतं. उबेत वाढणारं एलचं यीस्ट एस्टर नावाची सुगंधी संयुगं जास्त तयार करतं. पिकलेल्या केळ्याला ज्याच्यामुळे वास येतो ते आयसोअमाइल अॅसिटेट हे त्यांतलंच एक. म्हणून चांगल्या एलला फळांचा हलका वास येतो.

दुसरा फरक जास्त महत्त्वाचा. लागर साधारणपणे कारखान्यातच गाळली जाते, बऱ्याचदा पाश्चराइज केली जाते आणि दाबाखाली केगमध्ये भरली जाते. पबमध्ये येते तेव्हा ती पूर्ण तयार असते. कास्क एल पिंपात भरताना तिच्यात यीस्ट जिवंत असतं आणि थोडी साखर शिल्लक असते. तिचं शेवटचं आंबणं पबच्या तळघरात होतं. म्हणजे डेअरीने विरजण लावलेलं दूध पाठवावं आणि दही नीट लागलं की नाही हे दुकानदाराने बघावं, तसा प्रकार. पिंप कधी टेकवायचं, किती दिवस स्थिर ठेवायचं, कधी उघडायचं हे सगळं पब चालवणाऱ्याच्या हातात. एकाच कारखान्याची एकच एल दोन गावांत वेगळी लागते ती यामुळे.

आता 'कोमट'पणाबद्दल. चांगल्या तळघराचं तापमान ११ ते १३ अंश असतं. याला कोमट म्हणणं म्हणजे अतिशयोक्ती. ती थंडच असते, फक्त बर्फगार नसते. याला कारणही आहे. तापमान उतरलं की सुगंधी रेणू पेल्यातून कमी उडतात, म्हणजे नाकापर्यंत कमी पोचतात, आणि जिभेलाही चव कमी कळते. फ्रीजमधून नुकताच काढलेला आमरस आणि थोडा वेळ बाहेर ठेवलेला आमरस यांच्यातला फरक आपल्याला कुणी सांगावा लागत नाही. एलचं तेच आहे.

आणि गॅस? हेन्रीचा नियम सांगतो की द्रवात किती वायू विरघळेल ते त्या वायूच्या दाबावर आणि तापमानावर अवलंबून असतं. एल देण्याआधी पिंपाच्या वरच्या भोकात सच्छिद्र लाकडाची खुंटी बसवतात. तिच्यातून जास्तीचा कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि आतला दाब बाहेरच्या हवेइतका होतो. या दाबाला, १२ अंशांना, एक लिटर एलमध्ये साधारण एक ते सव्वा लिटर वायू विरघळलेला राहतो. केगमधल्या लागरमध्ये याच्या दुपटीहून जास्त असतो. तेव्हा एलमधला गॅस 'गेलेला' नसतो, तो मोजून ठेवलेला असतो. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून तयार झालेलं आम्ल जिभेला झिणझिण्या आणतं. तो मारा कमी असला की माल्टचा गोडवा आणि हॉप्सचा कडवटपणा वेगवेगळे कळतात.

तिसरी गोष्ट पाण्यात तुरटी फिरवणाऱ्या माणसांना लगेच समजेल. गढूळ पाण्यातल्या मातीच्या कणांवर ऋण भार असतो. तुरटीतल्या अॅल्युमिनियमचा धन भार तो पुसतो, कण एकमेकांना चिकटतात आणि तळाशी बसतात. एलमधल्या यीस्टच्या पेशींवरही ऋण भार असतो. त्या खाली बसवण्यासाठी पारंपरिक उपाय म्हणजे आयसिंग्लास: माशाच्या हवेच्या पिशवीपासून काढलेलं कोलॅजन. एलच्या आम्लतेत या प्रथिनावर धन भार असतो, त्यामुळे ते यीस्टला धरून तळाशी बसतं. आपल्यातल्या शाकाहारी मंडळींनी ही माहिती नक्की लक्षात ठेवावी. हल्ली अनेक लहान ब्रुअरी हा पदार्थ न वापरता एल बनवतात. ती थोडी धूसर दिसते, पण खराब नसते. विचारलं की सांगतात.

आता भागाकार. नेहमीच्या पिंपाला फर्किन म्हणतात. त्यात ९ गॅलन, म्हणजे ७२ पाइंट एल मावते. पेला भरण्यासाठी हातपंपाने एल खेचली की रिकाम्या झालेल्या जागेत त्याच खुंटीतून बाहेरची हवा शिरते. तिथून घड्याळ चालू होतं. ऑक्सिजनमुळे सुगंध फिके पडतात आणि हवेतून येणारे अॅसिटिक आम्लाचे जिवाणू अल्कोहोलचं व्हिनेगर करू लागतात. नीरेसारखंच हे: वेळेत प्यालात तर अमृत, उशीर झाला की दुसरंच काहीतरी. उघडलेल्या पिंपाला साधारण तीन दिवस मिळतात. ७२ भागिले ३, म्हणजे एका एलचे रोज २४ पाइंट खपायला हवेत. तीन पंप असतील तर रोज ७२. शनिवारी दुपारी हे सहज जमतं. फेब्रुवारीतल्या पावसाळी मंगळवारी, चारशे वस्तीच्या गावात?

इथून एक दुष्टचक्र सुरू होतं. खप कमी झाला की पिंप चौथ्या, पाचव्या दिवसापर्यंत चालवलं जातं. कुणाला तरी आंबूस पाइंट मिळतो. तो माणूस पुढच्या वेळी लागर मागतो. खप आणखी कमी होतो. लागरला ही भीती नाही, कारण केगमध्ये हवा शिरतच नाही. म्हणजे कास्क एलची चव तिच्या खपावर अवलंबून आहे आणि खप चवीवर. असं पेय गोदामात साठवून वाचवता येत नाही. हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड आत सोडणारं 'कास्क ब्रीदर' नावाचं साधन आहे, आणि मला ते वापरण्यात काही वावगं वाटत नाही. पारंपरिक एलसाठी झगडणाऱ्या 'कॅम्रा' या संघटनेनेही आपला जुना विरोध २०१८ मध्ये सोडला. पण त्याने थोडे दिवस मिळतात, गिऱ्हाईक मिळत नाही.

कॅम्राचा जन्मही याच काळजीतून झाला. १९७१ मध्ये, मोठ्या कंपन्यांची केगमधली बिअर सगळीकडे पसरत असताना, चार इंग्रज मित्रांनी सुट्टीत आयर्लंडमधल्या एका पबमध्ये ही संघटना काढली. यात एक गंमत आहे. त्याच्या शंभर वर्षं आधी, १८७१ मध्ये, लुई पाश्चरने लंडनच्या व्हिटब्रेड ब्रुअरीत जाऊन तिथलं यीस्ट सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं होतं आणि बिअर का बिघडते ते ब्रुअरीवाल्यांना दाखवलं होतं. त्या ज्ञानातून दोन वाटा निघाल्या: एक, सगळे सूक्ष्मजीव मारून बिअर टिकवायची, दुसरी, हवे ते सूक्ष्मजीव ओळखून त्यांना नीट सांभाळायचं. कास्क एल ही दुसरी वाट आहे, आणि तिला परंपरेइतकीच विज्ञानाचीही गरज आहे.

आता आक्षेपांकडे वळते, कारण ते खरे आहेत.

पहिला: दारूचा प्रचार कशाला? मान्य. दारूची पूर्ण निर्धोक अशी मात्रा नाही, हे जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते. ब्रिटनमधली मार्गदर्शक मर्यादा आठवड्याला १४ युनिट आहे, आणि ४ टक्क्यांच्या एका पाइंटात सुमारे २.३ युनिट होतात. म्हणून माझा सल्ला अर्ध्या पाइंटाचा, जेवणासोबत, आणि गाडी चालवणाऱ्याने काहीच न घेण्याचा. जे पीत नाहीत त्यांनी तर जरूर जावं. एल्डरफ्लॉवरचं सरबत किंवा जिंजर बिअर घेऊन दोन तास बसलं तरी कुणी भुवई उंचावत नाही. जेवणाच्या वेळी बहुतेक गावच्या पबमध्ये मुलांनाही नेता येतं. पबचा दिवा एलवर जळतो तसा जेवणावरही जळतो.

दुसरा: तिथे आपल्याला काय खाता येणार? यादी वाटते तितकी लहान नाही. 'प्लाउमन्स लंच' म्हणजे पाव, चेडरचा जाड तुकडा, कांदा आणि लोणचं. आपल्या भाकरी-कांदा-ठेच्याचा लांबचा नातेवाईक. त्याच्यासोबतच्या चटणीचं तर नावही आपल्याकडूनच इथे आलं. रविवारी भाजलेल्या मांसाऐवजी नट रोस्ट मिळतो, मशरूम आणि एल घातलेला पाय मिळतो. फक्त यॉर्कशायर पुडिंग कशात भाजतात आणि चिप्स कशात तळतात ते विचारावं. काही ठिकाणी गाईची चरबी वापरतात.

तिसरा आक्षेप सगळ्यांत जुना: ती जागा 'त्यांची' आहे. ही भावना हवेतून आलेली नाही. साठच्या दशकात बर्मिंगहॅमजवळच्या स्मेदिकमध्ये अनेक पब भारतीयांना बसू देत नव्हते. तिथल्या भारतीय कामगारांनी त्याविरुद्ध लढा दिला, आणि १९६५ च्या वंशभेदविरोधी कायद्याने सार्वजनिक जागी अशी मनाई बेकायदा ठरवली. आज त्याच भागात पंजाबी मालकांचे 'देसी पब' आहेत. बंद पडायला आलेले पब त्यांनी मिक्स्ड ग्रिलच्या जोरावर उभे केले. गावच्या पबमध्ये मी दार उघडून शिरते तेव्हा आजही चार माना वळतात. पण त्या शेजारच्या गावातून आलेल्या इंग्रजासाठीही वळतात. कुठली एल घ्यावी हे विचारलं की पाच मिनिटांत बोलणं सुरू होतं.

ब्रिटनमध्ये २००० साली सुमारे ६० हजार पब होते. आता सुमारे ४५ हजार आहेत. गावातला शेवटचा पब गेला की बऱ्याचदा लोकांनी सहज भेटण्याची एकमेव जागा जाते. काही गावं हे होऊ देत नाहीत. कंब्रियातल्या हेस्केट न्यूमार्केटच्या लोकांनी २००३ मध्ये सहकारी तत्त्वावर आपला 'ओल्ड क्राउन' विकत घेतला. सहकाराच्या मुलखातून आलेल्या आपल्याला ही कल्पना नवी नाही. बर्कशरमधल्या ऑल्डवर्थचा 'बेल इन' अडीचशेहून जास्त वर्षं एकाच कुटुंबाकडे आहे. तिथे लांबलचक बार नाही, काचेच्या एका खिडकीतून एल दिली जाते, आणि खायला भरलेले गरम रोल. कॅम्राचा देशातला सर्वोत्तम पबचा मान त्याला १९९० आणि २०१९ मध्ये, दोनदा मिळाला. आसपासच्या टेकड्यांवरून चालत तिथे पोचावं आणि चालतच परतावं.

जाणार असाल तर दोन-तीन गोष्टी लक्षात ठेवा. टेबलावर कुणी विचारायला येणार नाही, बारवर जाऊन सांगायचं. "आज सगळ्यांत जास्त कुठली खपतेय?" असं विचारा, तीच सगळ्यांत ताजी असणार. निर्णय होत नसेल तर घोटभर चव मागता येते. व्हिनेगरचा वास आला तर नम्रपणे परत करा. चांगला पबवाला वाद न घालता बदलून देतो, आणि त्यालाही पिंप संपलंय हे कळतं. लहानशा गावात आठ पंप दिसले तर हुरळून जाऊ नका, वरचा भागाकार करा. दोन पंपांचा पब बहुधा जास्त शहाणा असतो.

या देशातले किल्ले, चर्च आणि राजवाडे आपण तिकीट काढून आवर्जून बघतो. ते आपण नाही गेलो तरी पुढच्या वर्षी तिथेच असतील. कास्क एलचं तसं नाही. तिला जपायचा एकच मार्ग आहे, तो म्हणजे ती वेळेत संपवणं. येत्या शनिवारी त्या बहात्तरांतला अर्धा पाइंट तुमच्या नावाचा असू द्या. पीत नसाल, तर एक प्लाउमन्स लंच.