बेंबळीचा गळा आणि मधली दहा वर्षं

धाराशिव तालुक्यातल्या बेंबळीसारख्या गावात गाणारा गळा शोधायला लांब जावं लागत नाही. काकड्याला, हरिपाठाला, देवीच्या गोंधळात तो कानावर पडतोच. त्या गळ्याची पुढची दहा वर्षं मात्र कुणी अंगावर घेत नाही.

ही वर्षं काय मागतात, ते ऑपेरा गायिका पॅट्रिशिया रोझारिओ यांच्याकडे पाहून कळतं. त्यांचा जन्म मुंबईतला, कुटुंब गोव्याचं. ऑपेराचं शिक्षण घ्यायला त्यांना लंडनचं गिल्डहॉल संगीत विद्यालय गाठावं लागलं. ऑपेरात वाद्यवृंदाला भेदून, मायक्रोफोनशिवाय, शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचा असतो. त्यासाठी दम कसा राखायचा, जबडा सैल कसा ठेवायचा, हे रोज घोटून घ्यावं लागतं. त्यात इटालियन, जर्मन, फ्रेंच उच्चार पक्के करायचे. एवढं करूनही आवाज पिकायला पंचविशी-तिशी उजाडते. तोवर खोलीचं भाडं आणि शिकवणीची फी चुकत नाही. पुढे संगीतकार जॉन टॅव्हनर यांनी खास रोझारिओंच्या गळ्यासाठी रचना केल्या. १९९२ साली टॅव्हनर यांच्या ‘मेरी ऑफ इजिप्त’ या ऑपेरात मेरी रोझारिओंनीच उभी केली.

आपल्याकडे या मधल्या वर्षांचा भार एके काळी नाटक कंपनी उचलायची. नारायण राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, १९०५ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीत आले, ते वयाच्या सतराव्या वर्षाच्या आसपास. गोविंद बल्लाळ देवलांनी त्यांच्याकडून शकुंतला बसवून घेतली, भास्करबुवा बखल्यांनी गाण्याची तालीम दिली. जेवण, बिऱ्हाड, रियाज आणि रात्री समोर भरलेलं थिएटर, सगळं एकाच ठिकाणी. बालगंधर्व असे घडले. त्या बिऱ्हाडात मुलींना जागा नव्हती, ही त्या व्यवस्थेची मोठी उणीव.

कंपन्या गेल्या, त्यांचं काम कुणाकडेच आलं नाही. शाळेला मात्र त्यातलं थोडं उचलता येईल. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीचा पट शंभरावर असेल, तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे. कला म्हणजे फक्त चित्रकला, असं त्या कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. धाराशिव जिल्हा परिषदेनं बेंबळी आणि आसपासच्या शाळांसाठी मिळून एक गायन शिकवणारा निदेशक नेमावा, पेटी-तबला द्यावा, आणि आठवीनंतर शिकू पाहणाऱ्या मुलींच्या प्रवासाचा, राहण्याचा खर्च शिष्यवृत्तीतून भागवावा. रोझारिओ स्वतः पियानोवादक पती मार्क ट्रूप यांच्यासह भारतात येऊन तरुण गळ्यांना शिकवत आल्या आहेत. अशा कार्यशाळांपर्यंत बेंबळीची मुलगी पोचायची, तर तिला सूर ओळखायला शिकवणारं माणूस आधी गावातल्या शाळेत हवं.