टाचदुखी म्हणजे वातकंटकच का?

टाच दुखते म्हणून रुग्ण येतो. हातात क्ष-किरण चित्र असते आणि निदान त्याने आधीच केलेले असते : ‘‘डॉक्टर, हाड वाढले आहे.’’ आपण मान डोलावतो, केसपेपरवर ‘वातकंटक’ लिहितो, एखादा गुग्गुळकल्प व अभ्यंगासाठी तेल देतो, फार तर अग्निकर्मासाठी वार ठरवून देतो. सारे पाच मिनिटांत आटोपते. बऱ्याच रुग्णांना त्याने उपशयही मिळतो. प्रश्न उरलेल्या रुग्णांचा आहे, आणि हा लेखनप्रपंच त्यांच्यासाठीच आहे.

प्रथम माझीच चूक सांगतो. सुमारे बारा वर्षांपूर्वी एक चोवीस वर्षांचा तरुण दोन्ही टाचांच्या वेदनेसाठी माझ्याकडे आला. मी तीन वेळा अग्निकर्म केले. प्रत्येक वेळी काही आठवडे बरे वाटे आणि वेदना परत येई. पुढे त्याने येणे सोडले. दोन वर्षांनी आला तेव्हा त्याला वाकून बुटाची नाडी बांधता येत नव्हती. पाठ सकाळी किती वेळ आखडलेली असते, हे मी तेव्हा प्रथमच विचारले. तो म्हणाला, ‘‘तासभर. टाचेच्या आधीपासून आहे ते. पण तुम्ही कधी विचारलेच नाही.’’ तो अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसचा रुग्ण होता. टाच हे त्या व्याधीचे केवळ एक द्वार होते आणि मी दोन वर्षे द्वारावरच उपचार करीत बसलो होतो.

या चुकीच्या मुळाशी शारीराचे विस्मरण आहे. शालेय पुस्तकांमुळे ‘स्नायू’ म्हणजे मसल असा अर्थ रूढ झाला; शास्त्रात मात्र त्याला पेशी म्हणतात. स्नायु हे संधी बांधून ठेवणारे बंध होत. सुश्रुताचार्यांनी त्यांची संख्या नऊशे सांगून, फळ्या घट्ट बांधलेल्या नौकेची उपमा दिली आहे. हा बंध किंवा कंडरा जेथे अस्थीत रुजते, त्या स्थानाला आधुनिक शास्त्र एन्थेसिस म्हणते. टाचेसारख्या ठिकाणी मृदू तंतू, तंतुमय तरुणास्थी, क्षारयुक्त तरुणास्थी आणि अस्थी असे चार थर तेथे क्रमाने असतात. मऊ आणि कठीण यांच्या या सीमेवर शरीराचा सारा ताण एकवटतो. अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसमध्ये विकृतीचे एक मुख्य अधिष्ठान हेच असते, हे बॉल यांनी १९७१ मध्ये मांडले.

या स्थानाच्या विकृतीची कारणे एक नाहीत. पहिले कारण अतियोग व अभिघात. विषम जागी पाऊल पडणे आणि श्रम ही वातकंटकाची हेतुमीमांसा आजही तंतोतंत लागू पडते. कपडे पिळणाऱ्या वा पोळ्या लाटणाऱ्या हाताचा कोपर, कबड्डी खेळणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलाचा गुडघ्याखालील उंचवटा ही त्याचीच रूपे. त्या मुलाला मात्र अग्निकर्माची घाई नको. बालकाला आचार्यांनी ते निषिद्ध मानले आहे आणि वाढ पूर्ण झाल्यावर ती वेदना बहुधा आपोआप शमते.

दुसरे कारण मेदाचे. चरकाचार्यांनी स्नायूची उत्पत्ती मेदापासून सांगितली. स्थौल्य, मधुमेह आणि अवटू ग्रंथीचे विकार यांत कंडरांच्या तक्रारी अधिक दिसतात. म्हणून दोन्ही खांदे धरलेल्या रुग्णाची रक्तशर्करा पाहिल्याविना अवबाहुकाची चिकित्सा सुरू करू नये.

तिसरे कारण सार्वदेहिक शोथाचे, आणि आपण चुकतो ते येथेच. सोरायसिस, आतड्यांचा दीर्घकालीन शोथ, अतिसार वा मूत्रमार्गाच्या संसर्गानंतर काही आठवड्यांनी येणारा संधिशोथ यांत टाच दुखू लागते. वाताचे स्थान पक्वाशय असल्याचे आपण पाठ केले आहे. पण टाच दुखणाऱ्याला मलप्रवृत्तीविषयी आपण विचारतो का? या गटातील अनेक रुग्णांच्या आतड्यांत, तेथे लक्षणे नसतानाही, सूक्ष्म शोथ आढळतो.

चौथे कारण बाह्य द्रव्यांचे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात फ्लोराइड अधिक आहे. दीर्घकाळ असे पाणी पिणाऱ्यांचे अस्थिबंध व त्यांची मुळे कठीण होत जातात. तेथे गुग्गुळाआधी विहिरीच्या पाण्याची चौकशी हवी.

मग निदान कसे करावे? सकाळच्या पहिल्या काही पावलांत तीव्र वेदना, चालल्यावर उतार आणि टाचेच्या तळाशी आतल्या बाजूस नेमक्या बिंदूवर स्पर्शासहत्व, हे स्थानिक व्याधीचे चित्र. अशा वेळी चित्रातील वाढलेल्या हाडाला फार महत्त्व देऊ नये. वेदना नसलेल्या कित्येकांच्या टाचेतही ते असते.

याउलट, वय पंचेचाळीसच्या आत, तीन महिन्यांहून अधिक काळ पाठदुखी, अर्ध्या तासाहून अधिक आखडलेपणा, विश्रांतीने नव्हे तर हालचालीने उपशय आणि उत्तररात्री वेदनेने जाग येणे, हे चित्र निराळे आहे. रात्रीचा अंत हा वातप्रकोपाचा काळ खरा. पण तेवढे म्हणून समाधान मानणे म्हणजे निदान अर्ध्यावर सोडणे. नखांवरील खळगे, टाळूवरील खपल्या, डोळा लाल होऊन दुखल्याचा पूर्वेतिहास, बोटाला आलेली अखंड सूज हेही पाहावे. तैलाभ्यंगाने वेदना वाढली तर तो अनुपशय साम अवस्था सुचवतो. तेथे स्नेहनाआधी पाचन व रूक्ष स्वेद योग्य. ईएसआर सामान्य आला म्हणून निर्धास्त होऊ नये. आरंभी त्रिकास्थीच्या संधीचे क्ष-किरण चित्रही निर्दोष असू शकते. एमआरआयमध्ये शोथ त्याआधी दिसतो. अशा रुग्णाला संधिरोगतज्ज्ञाकडे पाठविण्यात आपल्या शास्त्राचा पराभव नाही. मणके एकमेकांना जुळल्यावर मात्र कोणत्याही शास्त्राचा इलाज तोकडा पडतो.

औषधी दुकानदार बंधूंनाही विनंती आहे. गिऱ्हाईक टाचेसाठी तेल मागते तेव्हा ‘‘सध्या कोणती गोळी चालू आहे?’’ एवढे विचारा. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या वर्गातील औषधांनी कंडरा दुखावते, प्रसंगी तुटते. अमेरिकेच्या औषध नियंत्रण यंत्रणेने २००८ मध्ये याविषयी ठळक चौकटीत इशारा छापण्यास उत्पादकांना भाग पाडले. साठीपुढील आणि सोबत स्टिरॉइड घेणाऱ्या रुग्णांत हा धोका अधिक. अशा वेळी तेलाची बाटली देण्याऐवजी त्याला वैद्याकडे धाडणे हेच योग्य.

अग्निकर्म, उपनाह, बंधन ही स्नायु-संधि-अस्थिगत वातावरील चिकित्सा सुश्रुताचार्यांची देणगी आहे आणि ती फलदायी आहे, हा माझा अनुभव. म्हणूनच ती चुकीच्या रुग्णावर वाया जाऊ नये. रोगपरीक्षा आधी आणि औषध नंतर, हा क्रम आपण विद्यार्थिदशेत घोकला. दवाखान्यातील गर्दीत तो उलटला आहे. तो पुन्हा सुलटा करायला फार काही लागत नाही : टाच दाबण्यापूर्वी पाठीविषयी एक प्रश्न.