कुलूप कुणाकडून घ्यायचं?

दुपारचे चार वाजले होते. मी बचत गटाचा हिशोब घेऊन कॉम्प्युटरसमोर बसले होते. आमचा गट १४ जणींचा, सगळ्या नया नगरातल्याच. कुणी शिवणकाम करते, कुणी डबे देते, एक-दोघी शिकवण्या घेतात. हिशोब लिहायचं काम माझ्याकडे, कारण कॉम्प्युटर माझ्या घरी. त्याच वेळी बँकेचं पानही उघडं होतं. लेकीच्या कॉलेजची फी भरायची होती, ४२ हजार रुपये. ते जमवायला आम्हा दोघांना सहा महिने लागले होते.

एवढ्यात पडदा लाल झाला आणि भोंगा वाजायला लागला. ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला आहे. बंद करू नका, सगळी माहिती नष्ट होईल. ताबडतोब या क्रमांकावर फोन करा.’ गेले आठ दिवस कोपऱ्यात अशाच अर्थाच्या छोट्या छोट्या चौकटी येत होत्या, त्याकडे मी काणाडोळा केला होता. आता मात्र माझे हातपाय गार पडले. गटाचे तीन वर्षांचे हिशोब त्यात होते. मी फोन लावला.

पलीकडचा माणूस फार गोड बोलणारा. ‘मॅडम, घाबरू नका, मी आहे ना.’ त्याने एक प्रोग्रॅम उतरवून घ्यायला सांगितला, मी घेतला. मग मी माऊसला हातही लावला नव्हता आणि पडद्यावरचा बाण आपोआप फिरू लागला. तीन वर्षांच्या सुरक्षेचे साडेआठ हजार रुपये होतील म्हणाला. मी म्हटलं, यांना विचारून सांगते. तर म्हणाला, तोवर सगळं पुसलं जाईल. माझा फोनही हातात होता. ओटीपी आला असता तर मी तो सांगितला असता, हे आज लिहितानाही लाज वाटते.

मला वाचवलं ते शेजारच्या आपांनी. मूळच्या दापोलीकडच्या. डबा परत द्यायला आल्या होत्या. दारातूनच त्यांनी पडदा पाहिला आणि ओरडल्या, ‘अगं, बटण बंद कर आधी!’ मी नुसती पाहत राहिले. शेवटी त्यांनीच पुढे होऊन भिंतीवरचं बटण बंद केलं. पैसे वाचले. थोडं सावरल्यावर मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं? त्या म्हणाल्या, ‘आमच्या ओळखीतला एक मुलगा असल्याच ठिकाणी नोकरीला लागला होता. आधी घाबरवायचं आणि मग मदत करायची, हेच त्यांना शिकवतात.’

मैत्रिणींनो, मीरा रोडकरांना ती हकिगत चांगली आठवते. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी इथल्या कॉल सेंटरांवर छापे घातले होते. इथून अमेरिकेत फोन लावले जायचे. आम्ही तिथल्या कर खात्याचे अधिकारी आहोत, तुमचा कर थकलाय, आत्ता पैसे भरा नाहीतर अटक होईल, असं सांगून माणसं लुबाडली जायची. पोलिसांनी सातशेहून जास्त जणांना ताब्यात घेऊन चौकशी केली. त्यात बहुतेक विशी-पंचविशीची मुलं होती. तेव्हा आपण म्हटलं, अमेरिकेतली शिकलेली माणसं एका फोनला फसतात कशी? कशी ते मला त्या दुपारी कळलं. ‘करा’वरून फसवा की ‘व्हायरस’वरून, युक्ती एकच. माणूस घाबरला की विचार करत नाही.

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या एका मुलीला बोलावलं. ती कॉम्प्युटर शिकवते. तिने आधी इंटरनेट तोडलं, तो प्रोग्रॅम काढला, दुसऱ्या फोनवरून माझे पासवर्ड बदलायला लावले, बँकेत कळवायला सांगितलं. मग कॉम्प्युटर नीट तपासला. व्हायरस सापडलाच नाही. त्या कोपऱ्यातल्या चौकटी ब्राउझरमधून येत होत्या. कुठल्याशा पाककृतीच्या पानावर ‘सूचना दाखवू का?’ असं विचारलं होतं आणि आमच्यापैकी कुणीतरी ‘अलाऊ’ दाबून मोकळं झालं होतं. ती परवानगी ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन काढायला दोन मिनिटं लागली. लाल पडदाही असल्याच एका चौकटीवर बोट पडल्याने उघडला होता.

पण तिला आणखी एक गोष्ट सापडली. आमच्या कॉम्प्युटरवर अँटिव्हायरस होता, पण नावापुरता. दोन वर्षांपूर्वी दुरुस्तीला आलेल्या मुलाने ‘ताई, तीनशे रुपयांत सगळं टाकून देतो’ म्हणून जे टाकलं होतं, ते चोरीचं निघालं. त्याला नवीन अपडेट येत नव्हते आणि त्याच्या आत काय काय दडलंय याची खात्री कुणालाच नव्हती. म्हणजे चोराकडून घेतलेलं कुलूप दाराला लावून आम्ही दोन वर्षं निर्धास्त झोपलो होतो!

तेव्हापासून मी हा विषय समजून घ्यायचा ठरवला. मी कला शाखेची पदवीधर, मला यातलं यंत्रशास्त्र येत नाही. पण घरात तेल कुठलं आणायचं, दूध कुणाकडून घ्यायचं हे आपणच ठरवतो ना? त्याच शहाणपणाने ब्राउझर आणि अँटिव्हायरसही निवडता येतो, एवढं माझ्या लक्षात आलं.

आधी ब्राउझर. इंटरनेटची पानं आपण ज्या प्रोग्रॅममधून पाहतो तो ब्राउझर, म्हणजे घराचा दरवाजा. जुन्या कॉम्प्युटरवरचा निळा ‘ई’, इंटरनेट एक्स्प्लोरर, आठवतो? मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ ला त्याला निवृत्त केलं. अजून कुठे तो दिसत असेल तर वापरू नका. आज घरगुती वापरासाठी गुगलचं क्रोम, मायक्रोसॉफ्टचं एज आणि मोझिलाचं फायरफॉक्स ही तीन नावं पुरेशी आहेत. तिन्ही फुकट आहेत, तिन्हींचे मेनू मराठीत करून घेता येतात आणि बनावट पान उघडायला गेलं की तिन्ही आपल्याला अडवतात. गुगलची मोठी कमाई जाहिरातींवर आहे, तेव्हा आपण काय पाहतो यात त्यांना रस असणारच. फायरफॉक्सच्या मागे नफ्यासाठी न चालणारी संस्था आहे. ज्याला जे पटेल ते त्याने घ्यावं.

पण खरं सांगू? यातलं कुठलं निवडलं यापेक्षा ते अद्ययावत आहे का, याला जास्त महत्त्व आहे. ब्राउझरमध्ये भगदाडं सापडत असतात आणि कंपन्या ती बुजवत असतात. ते बुजवणं म्हणजे अपडेट. कोपऱ्यात ‘अपडेट करा’ आलं की आपण ‘नंतर’ म्हणतो. छपराची कौलं पावसाच्या आधी शाकारायची असतात, हे कोकणातल्या बायकांना सांगायला नको.

दुसरं, ब्राउझर त्या कंपनीच्या स्वतःच्या जागेवरूनच उतरवावा. एखादी जाहिरात समोर आली म्हणून तिच्यावर बोट ठेवू नये. तिसरं, ब्राउझरला जोडायची छोटी छोटी साधनं असतात. कुणी कूपन शोधून देतं, कुणी व्हिडिओ उतरवून देतं. आपण पाहतो ती पानं त्यातली काही साधनं वाचू शकतात. नको ती काढून टाका. आणि पत्त्याच्या सुरुवातीला ‘एचटीटीपीएस’ दिसलं म्हणजे समोरचा सज्जन, असं समजू नका. तुमचं बोलणं वाटेत तिसरा कुणी ऐकत नाही, एवढाच त्याचा अर्थ. ज्याच्याशी बोलताय तोच भामटा असला तर?

आता अँटिव्हायरस. तुमच्या कॉम्प्युटरवर विंडोज १० किंवा ११ असेल तर मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर त्यात आधीपासूनच आहे, वेगळे पैसे लागत नाहीत. ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून बघा, हिरवी खूण दिसली की तो काम करतोय. साध्या घरगुती वापराला, सगळं अद्ययावत ठेवलं तर, तो पुरतो असं माझं मत आहे. विकतचा घ्यायचाच असेल तर जरूर घ्या, मात्र एका वेळी एकच. दोन पहारेकरी ठेवले तर ते एकमेकांनाच चोर समजतात आणि कॉम्प्युटर रांगायला लागतो.

विकतचा कुठला चांगला हे दुकानदाराच्या शब्दावर ठरवू नका. जर्मनीतली एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातली एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या संस्था अँटिव्हायरसची परीक्षा घेऊन निकाल जाहीर करतात. ते इंटरनेटवर फुकट वाचता येतात. इंग्रजीत आहेत, पण शाळेच्या गुणपत्रिकेसारखे असतात, कॉलेजातली मुलं पाच मिनिटांत सांगतील.

या धंद्यात आपल्या मराठी मुलखाचं एक नाव आहे. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर शिक्षण सोडून पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला लागले आणि पुढे त्यांनी स्वतःचं दुरुस्तीचं काम सुरू केलं. धाकटा भाऊ संजय कॉम्प्युटर शिकत होता. दुरुस्तीला येणाऱ्या कॉम्प्युटरांत व्हायरस सापडायचे, ते काढायला संजय यांनी प्रोग्रॅम लिहिले. १९९० च्या दशकाच्या मध्यात त्यातूनच ‘क्विक हील’ उभं राहिलं. २०१६ मध्ये ही कंपनी शेअर बाजारातही आली. मी जाहिरात करत नाही, गुणपत्रिका पाहूनच घ्या. पण दुरुस्तीच्या टेबलावर बसून हे शिकता येतं, एवढा धीर त्या दोघा भावांकडून जरूर घ्यावा.

‘फुकट’ शब्दाबद्दलही थोडं बोलायला हवं. अ‍ॅव्हास्ट हा जगभर वापरला जाणारा अँटिव्हायरस, त्याचा फुकट प्रकार आपल्याकडेही अनेकांच्या घरी असतो. लोक इंटरनेटवर कुठली पानं पाहतात याची माहिती या कंपनीने आपल्या दुसऱ्या एका कंपनीमार्फत विकली, असा ठपका अमेरिकेच्या व्यापार आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ठेवला आणि १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. ती विक्री २०२० मध्येच बंद झाली होती, पण तोवर जे जायचं ते गेलं होतं. राखणदारच घरातल्या गोष्टी बाहेर सांगत असेल तर काय करायचं? म्हणून फुकट देणाऱ्याचं पोट कशावर चालतं, हा प्रश्न आपण विचारायलाच हवा.

खरोखर फुकट आणि भरवशाची मदत हवी असेल तर सरकारचं ‘सायबर स्वच्छता केंद्र’ आहे. २०१७ पासून ते चालू आहे. कॉम्प्युटर साफ करायची साधनं तिथून मोफत मिळतात.

सगळ्यात अवघड प्रश्न जुन्या कॉम्प्युटरचा. विंडोज ७ ची सुरक्षा जानेवारी २०२० मध्ये संपली. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. नाव नोंदवणाऱ्या घरगुती ग्राहकांना वर्षभराची मुदतवाढ देण्यात आली. आपल्यासारख्यांच्या घरी कॉम्प्युटर काही साडीसारखा दर दिवाळीला येत नाही. पाहुण्यांकडून आलेला, दुकानातून जुना घेतलेला, असाच असतो. दहा वर्षं जपलेलं चांगलं चालणारं यंत्र एका तारखेने कुचकामी ठरवायचं, याचा मला रागच येतो. कंपन्यांनी याचा विचार करायला हवा. पण तोवर आपण काय करायचं? तो कॉम्प्युटर हिशोबाला, पत्रं लिहायला, अभ्यासाला ठेवा. बँकेचं काम मात्र त्यावर करू नका, ते अपडेट येत असलेल्या फोनवर करा. आणि फोनवरसुद्धा लग्नाची पत्रिका म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके फाइल उघडायची नाही. पत्रिका कधी प्रोग्रॅम बनून येत नसते.

पुन्हा त्या लाल पडद्याकडे येते. चांगल्यात चांगला ब्राउझर आणि महागातला अँटिव्हायरस असला तरी, आपणच फोन लावून चोराला घरात बोलावलं तर दोघंही काही करू शकत नाहीत. म्हणून हे पाठच करून ठेवा: खरा अँटिव्हायरस भोंगा वाजवून फोन करायला सांगत नाही. असा पडदा आला तर ‘एस्केप’चं बटण दाबून धरा. नाहीच गेला तर सरळ कॉम्प्युटर बंद करा, काही नष्ट होत नाही. पैसे गेलेच तर रडत बसू नका, लपवूही नका. ताबडतोब १९३० ला फोन करा, बँकेला कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे वाटेत अडवले जाण्याची शक्यता जास्त.

लपवू नका, हे मी मुद्दाम लिहिलं. मी स्वतः चार दिवस घरात बोलले नव्हते. ‘तुला कुणी सांगितलं होतं नको तिथे बोट घालायला?’ हे ऐकावं लागेल म्हणून. अनेक घरांत कॉम्प्युटर यांचा किंवा मुलाचा असतो आणि आपण फक्त धूळ पुसायची असते. दुपारी एकटी घरात असते ती मात्र आपणच, आणि फोन करणाऱ्यालाही ते माहीत असतं. म्हणून हे आपल्यालाच यायला हवं.

शेवटी मी गटात सगळं सांगितलं. कुणी हसलं नाही. उलट दोघींनी सांगितलं की त्यांच्याही पडद्यावर तशाच चौकटी येतात. आता महिन्याच्या सभेत हप्ते गोळा झाले की दहा मिनिटं आम्ही एकमेकींचे फोन आणि ब्राउझर तपासतो: अपडेट झालंय का, कुणाला नको ती परवानगी दिली आहे का. आपा या कामात सगळ्यांत कडक आहेत. लेकीची फी त्याच आठवड्यात भरली, आणि तीनशे रुपयांवाल्या मुलाला आम्ही नम्रपणे नको म्हणून सांगितलं.