‘नवा कॉम्प्युटर घे’ म्हणणाऱ्यांना

व्हिडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर मधेच क्रॅश झालं की आपल्याकडे दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला, "रॅम वाढव." दुसरा, "जुना झाला गं तुझा कॉम्प्युटर, नवा घे आता." जरा माहितगार मंडळी असली तर तिसरा, "एखादं कोडेक पॅक टाकून बघ ना!" गेल्या महिन्याभरात हे तिन्ही सल्ले मी इतक्यांदा ऐकलेत की आता हे लिहिणं भाग आहे. माझं स्पष्ट मत असं की बहुतेक वेळा हे तिन्ही सल्ले चुकीचे असतात. पहिल्या दोघांनी खिसा रिकामा होतो, तिसऱ्याने चांगलं चाललेलं मशीन बिघडतं, आणि मूळ दुखणं आहे तिथेच राहतं.

निमित्त घरातल्यांना माहीत आहेच. माईमावशीच्या सहस्रचंद्रदर्शनाची फिल्म करायचं काम माझ्याकडे आलं. शूटिंग कुणी केलं? सगळ्यांनी! चार जणांचे फोन, फोटोग्राफरचा कॅमेरा, आणि त्यात मी घातलेली २००६ सालची मिनीडीव्ही टेप, ज्यात काका अजून आहेत आणि झोपाळ्यावर बसून मावशीची थट्टा करताहेत. हे सगळं एकत्र करायला घेतलं आणि सॉफ्टवेअर बंद. पुन्हा उघडलं, पुन्हा बंद. आणि दर वेळी एकाच जागी, औक्षणाच्या क्लिपवर.

आता ‘एकाच जागी’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. कॉम्प्युटर अशक्त असेल तर तो धापा टाकतो. चित्र अडखळतं, शेवटची फाइल बनायला रात्र जाते. पण तो नेमका त्याच क्लिपवर येऊन दर वेळी मान टाकत नाही. तसं होत असेल तर संशय आधी त्या क्लिपवर घ्यावा. खात्री करायची रीतही सोपी आहे. निम्म्या क्लिप वेगळ्या प्रोजेक्टमध्ये टाकायच्या. चाललं, तर दोषी उरलेल्या निम्म्यात. त्यांचे पुन्हा दोन भाग. पाच-सहा फेऱ्यांत चोर सापडतो. एक पैसा खर्च नाही.

गंमत म्हणजे त्या जुन्या टेपवरची फाइल तासाला साधारण १३ जीबी जागा खाते, पण ती लोण्यासारखी चालत होती. मशीन मोडलं ते त्याहून कितीतरी लहान अशा फोनच्या क्लिपवर. बंडूकाकांना मी हेच विचारलं, "काका, मशीन कमजोर असतं तर ते मोठ्या फाइलवर मोडायला हवं ना हो?" काकांनी विषय बदलला.

याचं कारण कळायला एकच गोष्ट लक्षात ठेवायची. फाइलच्या नावापुढे ‘एमपी४’ किंवा ‘एमओव्ही’ लिहिलेलं असतं ते फक्त डब्याचं नाव. आपल्याकडे नाही का, बोर्नव्हिटाच्या बाटलीत रवा आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात सुईदोरा? तसंच. आत चित्र कुठल्या पद्धतीने दाबून भरलंय, ते ठरवतो कोडेक. दोन एमपी४ फाइल्स बाहेरून सारख्या दिसल्या तरी एकीच्या आत २००३ सालचा एच.२६४ असू शकतो आणि दुसरीच्या आत २०१३ सालचा एचईव्हीसी, तोही दहा बिटांचा, एचडीआर रंगांचा. एडिटरला एक उघडता येतो, दुसऱ्यावर तो तोंडघशी पडतो.

"पण व्हीएलसीमध्ये तर छान दिसतं!" हो, दिसणारच. व्हीएलसी स्वतःचे डीकोडर बरोबर घेऊन येतो आणि त्याला फक्त पुढे पुढे जायचं असतं. एखादी फ्रेम चुकली तर चुकली, प्रेक्षकाला कळतही नाही. एडिटरचं काम वेगळं. त्याला मागे यायचंय, उड्या मारायच्यात, तीन-चार क्लिप एकाच वेळी उघड्या ठेवायच्यात. आणि फोनचे कोडेक प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवतच नाहीत. एक पूर्ण फ्रेम, मग पुढच्या कित्येक फ्रेम्समध्ये ‘आधीपेक्षा काय बदललं’ एवढंच. मधलीच एक फ्रेम हवी असेल तर मागच्या पूर्ण फ्रेमपासून हिशोब मांडत यावं लागतं. हा हिशोब बऱ्याचदा ग्राफिक्स कार्डवर सोपवलेला असतो. त्या कार्डाला किंवा त्याच्या ड्रायव्हरला तो विशिष्ट प्रकार झेपला नाही की तो पडतो, आणि पडताना सॉफ्टवेअरलाही घेऊन पडतो. मिनीडीव्हीत प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते, म्हणून ती फाइल जाडजूड असूनही गुणी.

दुसरी भानगड फ्रेम रेटची. फोन उजेडाप्रमाणे आणि स्वतःच्या सोयीप्रमाणे फ्रेम्सचा वेग कमीजास्त करतो. एडिटर धरून चालतो की वेग ठरलेला आहे. मग मावशी ओवी म्हणताना ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो. काही सॉफ्टवेअर तर यावर सरळ क्रॅश होतात.

आता कोडेक पॅकबद्दल. २००० नंतरच्या त्या डिव्हएक्सच्या दिवसांत हे वेड समजण्यासारखं होतं. पण विंडोजच्या डायरेक्टशो पद्धतीत प्रत्येक डीकोडरला एक मानांकन असायचं आणि फाइल आली की वरच्या मानांकनाचा डीकोडर ती पळवायचा. दोन पॅक टाकले की दोघांची मारामारी. आजचे बरेचसे एडिटर स्वतःचे डीकोडर वापरतात, त्यामुळे पॅकचा उपयोग शून्य किंवा उणे. क्विकटाइमचंच बघा. विंडोजवरच्या क्विकटाइमचा सांभाळ ॲपलने थांबवला आणि एप्रिल २०१६ मध्ये, सुरक्षेतली भगदाडं उघड झाल्यावर, अमेरिकन सरकारच्या सायबर सुरक्षा विभागाने ते काढून टाकायला सांगितलं. तरी "क्विकटाइम टाक, चालेल" हा सल्ला पुढे कितीतरी दिवस फिरत होता.

पण माझा खरा राग सल्ला देणाऱ्यांवर नाही. ते बिचारे प्रेमाने सांगतात. राग आहे तो ‘जुनं टाका, नवं घ्या’ हे ज्यांच्या सोयीचं आहे त्यांच्यावर. कारण नवा कॉम्प्युटर हा नेहमी उपाय नसतो, कधीकधी तोच रोग असतो! २०१९ साली आलेल्या मॅकओएस कॅटलिनाने क्विकटाइमच्या काळातले सोरेन्सन, सिनेपॅकसारखे कोडेक सोडून दिले. म्हणजे कुणी हौसेने २००३ मध्ये मुंजीची फिल्म त्यात साठवली असेल तर ती जुन्या, धूळ खाणाऱ्या मॅकवर उघडेल आणि नव्यावर अडेल. आणि नव्या फाइल्सचं काय? ॲपलने २०१७ मध्ये आयओएस ११ पासून नव्या फोनवर एचईव्हीसी ही मूळ निवड केली. तोच एचईव्हीसी विंडोजवर बघायला मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमधून पुष्कळदा वेगळे पैसे मोजावे लागतात. या एका कोडेकच्या पेटंटसाठी एकाहून जास्त गट रॉयल्टी मागत आलेत. २०२५ मध्ये तर उघडकीला आलं की एचपी आणि डेल यांनी आपल्या काही लॅपटॉपमध्ये प्रोसेसरला येत असलेलं एचईव्हीसीचं काम बंद करून ठेवलंय. घ्या नवा कॉम्प्युटर!

एचईव्हीसीची बाजूही मांडते. तेवढ्याच दर्जाला तो एच.२६४च्या साधारण निम्म्या जागेत काम भागवतो. फोन भरत नाही, हा फायदा खराच. पण ही निवड करताना कुणी आपल्याला विचारलं का? सेटिंगमध्ये तीन पायऱ्या खाली ‘मोस्ट कॉम्पॅटिबल’ असा पर्याय आहे, हे घरातल्या किती जणांना ठाऊक होतं? वाचलेली जागा त्यांच्या जाहिरातीत जाते, आणि क्रॅश मात्र आपल्या ‘अडाणीपणा’च्या खात्यावर. माझा आक्षेप या हिशोबाला आहे.

असो. नुसतं भांडून फिल्म होणार नाही, म्हणून मी केलं ते सांगते. मीडियाइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात फाइल टाकली की कोडेक, बिट्स आणि फ्रेम रेट ‘व्हेरिएबल’ आहे का, सगळं दिसतं. औक्षणाची क्लिप निघाली एचईव्हीसी, दहा बिट, व्हेरिएबल. तिन्ही लक्षणं! मग शटर एन्कोडर या दुसऱ्या फुकट सॉफ्टवेअरने फोनच्या सगळ्या क्लिप २५ फ्रेम्सच्या ठरलेल्या वेगात डीएनएक्सएचआरमध्ये बदलून घेतल्या. तिथे प्रत्येक फ्रेम पुन्हा स्वतंत्र. जागा भरपूर लागते (याच जातीचा प्रोरेस ४२२ फुल एचडीला तासाला ५५ जीबीच्या आसपास जातो), पण काम संपलं की या प्रती पुसून टाकायच्या. मूळ फाइल्स मात्र कधीही पुसायच्या नाहीत. रूपांतर करायचं नसेल तर निदान एडिटरच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर डीकोडिंग बंद करून बघावं. फरक पडला तर दोषी ग्राफिक्सची बाजू आहे, रॅम नाही.

त्यानंतर त्याच सात वर्षांच्या कॉम्प्युटरवर, त्याच रॅमवर, सॉफ्टवेअर एकदाही पडलं नाही.

काका जाऊन अकरा वर्षं झाली. त्यांचा हलता-बोलता आवाज त्या एका टेपवर आहे, आणि मावशीचा आज फोनमध्ये आहे. वीस वर्षांनी यातलं काय उघडेल हे कंपन्यांच्या सोयीवर सोडायची माझी तयारी नाही. तुम्हीही सोडू नका. जुन्या फाइल्स आत्ता, उघडताहेत तोवर, तपासा. अडायला लागल्या असतील तर साध्या, सगळीकडे चालणाऱ्या कोडेकमध्ये एक प्रत करून मूळ फाइलशेजारी ठेवा.

आणि भावंडांनो, समारंभाच्या मूळ फाइल्स पाठवा. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा टाकलेला व्हिडिओ पिळून निघालेला असतो. तिथूनच पाठवायचा तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर पेनड्राइव्ह द्या. दोघांच्या क्लिप अजून आलेल्या नाहीत. कुणाच्या, ते त्यांना माहीत आहे. :)